तलाठी मॅडम हसत का नाहीत

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू २६ वर्षांची. झरी जामणी तालुक्यातल्या एका गावात वाढलीस. लहानपणापासून पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. तलाठी झालीस, दुसऱ्या तालुक्यात सजा (तलाठ्याकडे असलेली गावं) मिळाला. हसू आलं की हात आपोआप तोंडावर जातो. करोना जाऊन इतकी वर्षं झाली तरी ऑफिसात मास्क लावतेस आणि कोणी विचारलं की धुळीची ॲलर्जी सांगतेस. गावात नाव पडलं, ‘मॅडम लय घमेंडी हाये.’ मंडळ अधिकारी म्हणाले, जरा हसतमुख राहत जा. तसं राहून पाहिलंस, तर एक गृहस्थ सातबाऱ्याच्या निमित्तानं आठवड्यातून चारदा यायला लागले आणि पहाटे फुलांचे मेसेज सुरू झाले. आता विचारतेस की दात पांढरे करून घेऊ का, आणि लोक हसण्यात नेमकं वाचतात तरी काय?

मी दातांची डॉक्टर आहे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २७ वर्षं दवाखाना चालवते. मनाचं शास्त्र मी शिकलेले नाही, पण रोज वीस-पंचवीस माणसं माझ्यासमोर तोंड उघडतात, आणि उघडण्याआधी काय काय करतात ते मी बघते. त्यावरून सांगते. तुला ‘तू’ म्हणतेय, माझ्या लेकीच्या वयाची आहेस.

दातांचं पहिल्यांदा. ते पट्टे मळ नाहीत आणि तू ब्रश नीट करत नाहीस म्हणूनही नाहीत. शाळेत बाईंनी वर्गासमोर उभं करून ‘दात घासत नाही का?’ विचारलं असणार. माझ्याकडे येणाऱ्या या पट्ट्यांच्या निम्म्या मुलींना कोणी ना कोणी हे विचारलेलं असतं. पक्क्या दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, दात उगवायच्या कितीतरी आधी हाडाच्या आत तयार होतं. अक्कलदाढा सोडल्या तर जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत हे काम चालतं. त्या वर्षांत पाण्यातून फ्लोराइड जास्त पोटात गेलं की कवच नीट कठीण होत नाही, त्यात बारीक बारीक पोकळ्या राहतात. दात उगवतो तेव्हा खडूसारखा पांढुरका असतो, नंतर त्या पोकळ्यांत रंग शिरून तपकिरी होतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरचं पाणी त्याच्या वर जातं. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हातपंप आले, मग बोअर खोल खोल जात राहिले, आणि खडकात जास्त काळ मुरलेलं पाणी खडकातलं घेऊनच वर येतं. आजी उघड्या विहिरीवर वाढली, तिचे दात स्वच्छ. नात बोअरवर वाढली, तिच्या दातांवर पट्टे. अशी घरं मी एकाच बाकावर बसलेली पाहिली आहेत. नातीकडे बघून आजी म्हणते, ‘आमी तं राखुंडीनंच घासत होतो.’ नात ओठ मिटून घेते.

आता या मिटलेल्या ओठांचं काय होतं ते सांगते, कारण तुझी ‘घमेंड’ तिथून सुरू झाली आहे असं मला वाटतं. दात लपवणारा माणूस नुसतं हसू लपवत नाही, बोलणंही आवळतो. वरचा ओठ खाली धरून बोलून बघ. ‘सातबारा’ म्हण, ‘फेरफार’ म्हण. स आणि फ दोन्ही दबतात, आवाज नाकातून आणि खालच्या पट्टीत जातो, वाक्य लवकर संपवावंसं वाटतं. वरून मास्क. समोर साठीचा शेतकरी, त्याला आधीच एका कानानं कमी ऐकू येतं. त्याला अर्धं कळत नाही, तो पुन्हा विचारतो, तू पुन्हा तेच तुटक बोलतेस. तो घरी जाऊन सांगतो, मॅडम धड बोलत नाही. त्यात हसू कुठं आलं? मास्क काढून दोन शब्द मोठ्यानं बोललीस तरी नाव अर्धं पुसलं जाईल. माझ्या एका पेशंटचं तसंच झालं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तिचे दात अजून तसेच आहेत. वर्गात कविता मोठ्यानं म्हणायला लागल्यावर तिचा ओठ आपोआप सुटला. ओठ सुटला की हात वर जायचाही थांबतो, कारण बोलता बोलता तोंड झाकता येत नाही.

मंडळ अधिकाऱ्यांच्या सल्ल्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ‘हसतमुख राहा’ हे सांगायला सोपं. आपल्याकडे हसू कुठून कुठं वाहतं ते एकदा बघ. तहसीलच्या व्हरांड्यात अर्धा तास बसलीस तरी कळेल. ज्याचं काम अडलंय तो आधी हसतो. ज्याच्या हातात शिक्का आहे तो सगळ्यात शेवटी हसतो, हसलाच तर. साहेबांच्या विनोदावर सगळी खोली हसते, शिपायाच्या विनोदावर फक्त शिपाई. कृषी सेवा केंद्रात उधारीवर बियाण्याची पिशवी मागायला आलेला माणूस काउंटरशी उभा राहून एक विशिष्ट हसू हसतो. त्याला मी ओशाळं म्हणते. खालचा ओठ थोडा बाहेर, मान किंचित तिरपी, डोळे काउंटरवरच्या वहीवर. दुकानदारानं वही उघडली की ते हसू लगेच गळून पडतं, कारण त्याचं काम झालेलं असतं.

या हसण्यानं मला एकदा चांगलंच फसवलं. २०१७ चा हंगाम होता. गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेच वर्ष. डिसेंबरात एक चाळिशीतला माणूस आला, खालची दाढ किडलेली, गाल सुजलेला. एक्स-रे काढला. मुळं चांगली होती, रूट कॅनल करून दाढ वाचली असती. मी तसं सांगितलं, खर्च सांगितला. तो मोठ्यानं हसला. म्हणाला, ‘काढूनच टाका ना मॅडम. ठेवून का लोणचं घालाचं हाये त्याचं? पऱ्हाटी गेली तं दाढबी जाऊ द्या!’ कंपाउंडर हसला, मीही हसले. गडी मजेदार आहे, याला दाताची किंमत नाही असं समजून मी दाढ काढली. आठवड्यानं जखम दाखवायला बायकोसोबत आला. तो बाहेर चपला घालत होता तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘थे सिमीट भरून होत असते का मॅडम, कमी पैशात? यायले दाढ ठेवाची होती.’ मी काही बोलू शकले नाही. दाढ बादलीत जाऊन आठ दिवस झाले होते.

मराठीत दात काढणं म्हणजे हसणं आणि दात काढणं म्हणजे उपटणं, दोन्ही एकच. त्या दिवसापासून ‘काढूनच टाका’ हे वाक्य कोणी हसत म्हणालं की मी पक्कड हातात घेत नाही. आधी म्हणते, ‘पैसे दिवाळीनंतर दिले तरी चालतील, आता सांगा काढायची का?’ निम्मे लोक थांबतात. हसूही थांबतं.

तुझ्या कामात हे फार वेळा येणार आहे. अतिवृष्टीच्या पंचनाम्याला तू बांधावर उभी राहशील आणि शेतकरी पाण्यात सडलेलं सोयाबीन हातात धरून तुला हसत दाखवेल. ‘हे पाहा मॅडम, झाली ना दिवाळी!’ म्हणून हसेल. बाहेरून आलेल्याला वाटतं, याचं फार नुकसान झालेलं दिसत नाही. आपल्याकडचे पुरुष रडणं जमत नाही तिथं हसतात, पोरासोरांसमोर तर हमखास. त्या हसण्याला उत्तर म्हणून तू हसायचं नाही. तिथं कोणीतरी मोबाइल धरलेला असतोच. सडलेल्या पिकात उभ्या असलेल्या हसऱ्या तलाठ्याचा फोटो संध्याकाळपर्यंत गावभर फिरतो, आणि तू का हसलीस ते फोटोत येत नाही. अशा जागी तुझे मिटलेले ओठ हीच सभ्यता आहे. मंडळ अधिकाऱ्यांनी हेही सांगायला हवं होतं.

खरं-खोटं हसू ओळखता येतं का, असं तू मध्येच विचारलंयस. याची एक जुनी गोष्ट आहे. डुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर विजेचे हलके प्रवाह सोडून कोणता स्नायू काय करतो ते पाहिलं, फोटो काढले आणि १८६२ मध्ये छापले. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू, झायगोमॅटिकस मेजर, विजेनं हलतो, मनात आणलं तरी हलतो. पण डोळ्याभोवतीचा गोल स्नायू खऱ्या आनंदाशिवाय साथ देत नाही, असं त्याचं म्हणणं. अजूनही पुष्कळ जण ‘डोळे हसले तरच खरं हसू’ म्हणतात ते त्याच्यामुळे. पुढच्या संशोधनात मात्र दिसलं की बरेच लोक डोळ्यांसकट हसू आणू शकतात. मलाही ते पटतं, निवडणुकीच्या आधी माझ्याकडे येणारी मंडळी पाहिली की. (डुशेनचा तो म्हातारा बोळका होता, हे मला उगाच आवडतं.) लकव्याच्या काही पेशंटमध्ये तर अजून नवल दिसतं. ‘हसा’ म्हटलं तर एकच बाजू हलते, आणि नातवानं काही गंमत केली की दोन्ही बाजू हसतात. सांगून केलेलं हसू आणि आतून आलेलं हसू मेंदूतून वेगवेगळ्या वाटांनी चेहऱ्यावर येतं, म्हणून हे होतं. पण समोरच्याचं हसू कोणत्या वाटेनं आलं हे टेबलाच्या पलीकडून ओळखायचा नाद तू सोड. मला २७ वर्षांत जमलं नाही. मी आता हसू कधी आलं आणि कधी गेलं एवढंच बघते.

निवडणुकीचं निघालं म्हणून सांगते. ग्रामपंचायत, बाजार समिती, काहीही लागलं की महिनाभर आधी चार-दोन उमेदवार दात साफ करून घ्यायला येतात. फ्लेक्सवर हात जोडलेला हसरा फोटो लागणार असतो. एकानं विचारलं, ‘मॅडम, सभेच्या दिवशी इंजेक्शन देऊ नका, तोंड वाकडं झालं तं लोक म्हनतीन आतापासूनच फिरला.’ खर्ऱ्यानं काळे-लाल झालेले दात मी तासभर घासून काढते, आणि फ्लेक्सवाला पोरगा तेच काम कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत फुकट करतो. मग चौकात त्यांचे दात शुभ्र आणि माझ्या खुर्चीत बसलेले ते वेगळेच. दाखवायचे दात वेगळे, ही म्हण हत्तीसाठी असेल, आमच्या चौकात मात्र ती फ्लेक्सवाल्याकडे छापून मिळते.

खर्ऱ्याबद्दल दोन ओळी जास्त लिहिते. तुला रोज भेटणाऱ्या पुरुषांचे चेहरे वाचायला याचा उपयोग आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा प्रकार नागपूर-वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळीकडे चालतो. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, पांढुरकी पडते, आत दोऱ्यांसारखे पट्टे लागतात. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडणं कमी कमी होत जातं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. यांच्या तोंडात दोन, मग एक. हा रोग पुढे कॅन्सरच्या वाटेवर जाऊ शकतो. पण तुझ्या प्रश्नापुरतं बोलायचं तर असा माणूस मोकळं हसूच शकत नाही. गालच ताणत नाहीत. ओठ थोडे पसरतात आणि अडतात. बघणाऱ्याला वाटतं छद्मी हसतोय. तुझा कोतवाल ‘तोंडातल्या तोंडात हसतो’ असं तू वैतागून लिहिलंयस ना? एकदा त्याला तीन बोटं घालून बघायला सांग. कदाचित तो तुला हसत नसेल.

आता माझी चूक सांगते, कारण तुझ्या प्रश्नाला खरं उत्तर त्यातच आहे. डॉक्टरकीत आम्हालाही हसण्याची सवय लावतात. पेशंट घाबरलेला असतो, दारात हसून ‘या’ म्हणायचं. दहा-बारा वर्षांत ते हसू चेहऱ्यावर असं बसतं की आपल्यालाही कळत नाही. एका माणसाच्या गालातल्या चट्ट्याचा तुकडा मी तपासायला पाठवला होता. रिपोर्ट वाईट आला. तो आणि त्याची बायको आले तेव्हा पाकीट माझ्या हातात होतं, आणि मी दारात नेहमीसारखी हसले, ‘या, बसा.’ मग सगळं नीट सांगितलं. नागपूरला लगेच जा, उशीर नको, चिठ्ठी देते. दोघांनी मान हलवली. मला वाटलं समजलं. ते परत आले पेरणी आटोपून, म्हणजे अडीच महिन्यांनी. चट्टा आता जबड्यापर्यंत गेलेला. मी चिडले. बायको शांतपणे म्हणाली, ‘तुमी हासल्या ना तवा. म्या यायले म्हनलं, मॅडम हासून रायल्या, म्हंजे भेवासारखं काई नसन.’ तिनं तक्रार केली नव्हती, झालं ते सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, एका बाजूचा जबडा गेला. अजून दर सहा महिन्यांनी दाखवायला येतो. तो दारात आला की मी आधी उठून उभी राहते.

माझे शब्द ठीक होते. चिठ्ठीही ठीक होती. पण त्या बाईनं डॉक्टरच्या तोंडातले इंग्रजी-मराठी शब्द ऐकलेच नाहीत, तिनं चेहरा वाचला. शिकलेल्या माणसाचा कागद ज्यांना वाचता येत नाही ते त्याचं तोंड वाचतात. तुझ्याकडेही लोक तसेच येणार. फेरफार मंजूर होणार नसेल, नाव यादीत नसेल, तर ते सांगताना चेहऱ्यावर सांत्वनाचं हसू आणू नकोस. माणूस ‘मॅडम करून देईन’ असं समजून सहा चकरा मारेल. सातव्या चकरेला तुझं नाव घमेंडीवरून खोटारडीवर जाईल.

मग हसायचं कधी? येणाऱ्याला हसून घ्यावं, काम बोलताना साधा चेहरा ठेवावा, निरोपाला परत हसलं तर बिघडत नाही. माझं हेच माप आहे, आणि ते त्या बाईनं शिकवलं. आणि खरं सांगू, आपल्या भागात हसण्याचं बरंचसं काम शब्दानं होतं. कोणाला रामराम, कोणाला जय भीम, गुरुदेव सेवा मंडळातल्या आजोबांना जय गुरुदेव, गोंड समाजातल्या माणसाला जय सेवा. ज्याचा जो नमस्कार आहे तो तुझ्या तोंडून आधी निघाला की समोरचा माणूस तुझे दात मोजत बसत नाही. मग ‘बसा काका, पाणी घ्या.’ काम नसलं होणार तरी पाणी पिऊन गेलेला माणूस बाहेर जाऊन फार वाईट बोलत नाही. तुझ्या सजात कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, असेल तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला त्यांच्या भाषेतले दोन शब्द कोतवालाकडून शिकून घे.

ते फुलांचे मेसेजवाले गृहस्थ. तू लिहिलंयस, ‘माझंच चुकलं का, मी हसले म्हणून?’ नाही. पण सरकारी टेबलावर बसलेल्या तरुण बाईचं हसू काही पुरुष पावतीसारखं खिशात घालतात, हेही खोटं नाही. मी दवाखाना काढला तेव्हा मला विनाकारण दाढ दुखणारे पेशंट मिळाले होते. मी हसणं बंद केलं नाही, खुर्ची बदलली. म्हणजे खुर्चीचं तोंड दाराकडे केलं, दार उघडं ठेवलं, मावशी आत बसवली. तूही त्यांना ऑफिसच्या वेळेत, कोतवाल बसलेला असताना भेट. जे काम आहे ते त्याच दिवशी संपव, म्हणजे यायला निमित्त उरत नाही. मेसेजला उत्तर देऊ नकोस, हसरं चित्रसुद्धा नाही. आणि पुढे काही वाढलं तर मेसेज पुसू नकोस, जपून ठेव आणि वरिष्ठांना लेखी कळव. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला कचेरीत काय किंमत असते ते तुला मी सांगायला नको.

आपल्याकडे पोरीला लहानपणी ‘कायले दात काढून रायली?’ म्हणून गप्प करतात आणि नोकरी लागली की ‘जरा हसत जा’ म्हणतात. माझ्या लग्नाच्या फोटोत मी अशी उभी आहे की जणू तहसीलदारानं बोलावलंय. सासूबाईंनी बजावलं होतं, दात दिसू देऊ नको. सरकारचंही तेच आहे, पासपोर्टच्या फोटोत तोंड मिटलेलं आणि चेहरा कोरा लागतो. वर्ध्याला सेवाग्राममध्ये मी कॉलेजात असताना पहिल्यांदा गेले. तिथले गांधीजींचे बोळकं हसू हसतानाचे फोटो दातांच्या डॉक्टरला विचारात पाडतात. कवळी ते जेवणापुरती लावत, असं त्यांना भेटलेल्यांनी लिहून ठेवलंय. दाखवण्यासाठी नाहीच. आम्ही मैत्रिणी तेव्हा फार उदात्त वगैरे बोललो होतो. आता वाटतं, त्यांना चाललं. २६ वर्षांच्या तलाठी मुलीला ‘गांधींकडे बघ आणि पट्ट्यांसकट हस’ असं सांगणं हा आगाऊपणा आहे. तुला दात बरे दिसावेत असं वाटत असेल तर करून घे, त्यात लाज नाही आणि थिल्लरपणाही नाही.

तर उपचार. नुसत्या क्लीनिंगनं हे डाग जात नाहीत, कारण ते वर बसलेले नाहीत, आत आहेत. डाग हलके असतील तर वरचा अगदी पातळ थर घासून काढणं आणि ब्लीचिंग, यानं बराच फरक पडतो. ब्लीचनंतर सुरुवातीला पांढरे ठिपके जास्त उठून दिसतात, घाबरायचं नाही. मध्यम डागांवर पातळ राळेसारखं द्रव्य आत मुरवता येतं किंवा दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटचा थर चढवता येतो. तो पाच-सात वर्षं टिकतो, मग दुरुस्ती लागते. सिरॅमिकचे पापुद्रे महाग, पण टिकाऊ. ‘सगळ्या दातांना कॅप लावून टाकू’ असं कोणी म्हणालं तर उठून ये. चांगला दात चारही बाजूंनी कोरून कॅप घालायचं तुझं वय नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हे सगळं खासगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतं, चकरा जास्त होतात एवढंच. लिंबू-सोडा, कोळशाची पूड, आणि आठवडी बाजारात बाटलीतलं पाणी लावून क्षणात दात पांढरे करून देणारा माणूस, या तिन्हींपासून लांब राहा. त्या बाटलीत ॲसिड असतं. पहिल्या दिवशी दात चमकतो आणि वर्षभरात झिणझिण्यांनी पाणी पिववत नाही.

काय करायचं ते तोंड बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून एकदा ये. पांढरा रंग मात्र फार पांढरा मागू नकोस. तुझ्या डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले की ते आधी दिसतात आणि तू नंतर.

शेवटी तू सहज एक ओळ लिहिलीयस, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. घरी भाची आहे, अडीच वर्षांची, आणि पाणी अजून त्याच बोअरचं आहे. तिचे पुढचे पक्के दात या घडीला हाडात तयार होत आहेत. तुझ्या दातांचं मी जे करीन ती रंगरंगोटी आहे, तिचे अजून वाचवता येतात. पाण्याची चव, वास, रंग यावरून फ्लोराइड कळत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरनंही जात नाही, आरओनं जातं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना भूजल सर्वेक्षणच्या प्रयोगशाळेत पाठव आणि रिपोर्टची प्रत मागून घे. तुझ्या खात्याची चिठ्ठी असली की ते काम लवकर होतं, हे मला ठाऊक आहे. तोवर तिला प्यायला आणि तिच्या स्वयंपाकाला जवळच्या नळयोजनेचं नदीचं पाणी किंवा आरओचं पाणी द्या. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि ती गिळत नाही ना हे बघा.

सोमवारी आमच्याकडे बाजार असतो, गर्दी फार. मंगळवारी अकरानंतर ये, आणि तिलाही घेऊन ये.